पाटी नसलेल्या रस्त्यावरचा चौदा नंबरचा खांब

मित्रांनो, एक गंमत करू या. जिथे बसला असाल तिथेच ताठ उभे राहा. आता कल्पना करा, की तुमचे पाय गुडघ्यांपर्यंत जमिनीत पुरलेले आहेत. मान वळत नाही. हात नाहीत, तोंडही नाही. डोक्यावर फक्त एक दिवा आहे आणि अंधारून आले की तो आपोआप लागतो. समोरून एक मोटार जोरात येते आहे. तिला काहीतरी सांगायचे आहे, अगदी महत्त्वाचे, पण सांगता येत नाही. ती निघूनही गेली! कसे वाटले?

आता तुम्ही मला थोडेफार ओळखता. मी एक जुना दिव्याचा खांब आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, लँकाशरच्या डोंगरांत ब्रॅकनशॉ नावाचे गाव आहे. त्या गावाच्या वरच्या टोकाला, बंद पडलेल्या कापडगिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी उभा आहे. माझ्या कमरेवर चौदा हा आकडा रंगवलेला आहे.

माझा जन्म डोंगरापलीकडच्या एका ओतशाळेत झाला. बीड वितळवून वाळूच्या साच्यात ओतले आणि त्यातून मी निघालो. एका म्हाताऱ्या कारागिराने कानशीने माझ्या अंगाची खरखर घासून काढली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा टिकेल." ते वर्ष होते १९३४. तेव्हा माझा दिवा गॅसचा होता. रोज संध्याकाळी एक माणूस लांब काठी घेऊन यायचा आणि मला पेटवून शीळ घालत पुढच्या खांबाकडे जायचा.

पुढच्याच वर्षी देशात एक नियम आला. ज्या रस्त्याला थोड्या थोड्या अंतरावर दिव्यांचे खांब आहेत, तिथे माणसांची वस्ती आहे असे समजायचे आणि मोटार ताशी तीस मैलांच्या आत ठेवायची. दुसरा वेग लिहिलेली पाटी असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर खांब म्हणजे तीस. लक्षात आले का? मी नुसता दिवा उरलो नाही. मीच पाटी झालो! म्हणूनच आमच्या रस्त्यात मध्ये मध्ये तीसच्या पाट्या लावत नाहीत. खांब आहेत, मग पाट्या कशाला?

मला फार मोठे झाल्यासारखे वाटले. गिरणीतून सुटलेल्या मुली माझ्याखाली थांबून केसांतला कापूस झटकायच्या. पोरे माझ्या गळ्यात दोर अडकवून झोके घ्यायची. युद्धाच्या काळात, शत्रूच्या विमानांना गाव दिसू नये म्हणून, मला सहा वर्षे विझवून ठेवले होते. दिवे पुन्हा लागले, त्या दिवशी एका बाईने मला चक्क मिठी मारली. पुढे गॅस गेला, वीज आली, पिवळा दिवा गेला आणि पांढरा आला. मी मात्र तोच राहिलो.

मग गिरणी बंद पडली. रस्ता रुंद केला आणि त्यासाठी बरीच घरे पाडली. माझ्या पलीकडचा पंधरा नंबरचा भाऊ एका ट्रकच्या धक्क्याने पडला. त्याला कोणी पुन्हा उभे केले नाही. आता माझ्यापासून सोळा नंबरपर्यंत मोठी पोकळी आहे. रस्ता सरळ, रुंद आणि मोकळा. त्याकडे पाहून सगळ्या गावाने मनाशी ठरवून टाकले, की हा चाळीसचा रस्ता आहे. कोणी तसे सांगितले नव्हते. एक जण चाळीसने गेला, मागचाही गेला, आणि तीच रीत पडली. माझ्या अंगावर तोपर्यंत आयव्हीची वेल चढली होती. माझा चौदा नंबरसुद्धा तिने झाकून टाकला.

ही वेल विल्फ ऑर्मरॉड यांच्या बागेतली. विल्फ शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचे घर माझ्या अगदी मागे, आणि त्यांच्या बागेची बुटकी दगडी भिंत माझ्या पायाशी. त्या भिंतीवर बसून चहा पिणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. उन्हाळ्यात मात्र ते गावच्या क्रिकेट मैदानाची खेळपट्टी राखतात आणि त्या वेळी गावात त्यांच्याइतका कडक माणूस नसतो.

गेल्या शरद ऋतूत त्यांची मुलगी जॅनिन आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, नेलला घेऊन कायमची माहेरी राहायला आली. जॅनिनचे काम घरोघर जाऊन एकट्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेण्याचे. कोणाला अंघोळ घालायची, कोणाची औषधे काढून द्यायची, कोणाशी नुसतेच बोलायचे. डोंगरावरच्या त्या घरांकडे बस जात नाही. विल्फनी तिला आपली छोटी निळी मोटार दिली. कागदोपत्री मोटार विल्फच्या नावावर राहिली. विमा मात्र जॅनिनच्या नावाने आणि तिच्या कामासाठी घेतला होता, आणि तो आधीच महाग होता. कामासाठी दिवसभर फिरणाऱ्या मोटारीचा विमा जास्तच पडतो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी जॅनिन नेलला शाळेतून घेऊन घरी येत होती. डोंगरावरचे आंधळे मिस्टर सागर तिची वाट पाहत होते आणि तिला उशीर झाला होता. गिरणीच्या फाटकाशी कॅमेरा लावलेली पोलिसांची व्हॅन उभी होती. निळी मोटार माझ्यासमोरून गेली तेव्हा मी मनात ओरडलो, "तीस! अगं, तीस!" पण मी कसला ओरडणार?

पुढच्या बुधवारी पोलिसांचे पत्र आले. ते विल्फच्या नावावर होते, कारण मोटार त्यांची. जॅनिन कामावरून परतली तेव्हा ते भिंतीवर बसूनच तिची वाट पाहत होते.

"अडतीस," ते म्हणाले. "तीसच्या रस्त्यावर अडतीस."

"कुठल्या रस्त्यावर?"

"ह्या."

"हा तीसचा? बाबा, काहीतरीच काय? एक तरी पाटी आहे का इथे?"

"तेच म्हणतो मी! जन्म गेला माझा ह्या रस्त्यावर. चाळीसचाच आहे हा."

जॅनिनने पत्र वाचले. मग ती विल्फच्या शेजारी धपकन बसली. "पाटी नसते," ती हळूच म्हणाली. "दिव्यांचे खांब असले की तीस. दोन वर्षांपूर्वी त्या वर्गात सांगितलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं, बाबा."

कोणता वर्ग, ते सांगतो. थोडासाच वेग वाढला असेल, तर पोलीस त्या माणसाला कधी कधी एक संधी देतात. त्याने अर्धा दिवस वर्गात बसायचे, वेगाने काय काय होते ते शिकायचे आणि फी भरायची. मग दंड नाही आणि लायसन्सवर चुकीची नोंद म्हणून पडणारे पॉइंटही नाहीत. जॅनिनने खालच्या शहरात ही चूक केली होती, तेव्हा तिला तो वर्ग मिळाला. तिच्या विम्याच्या हप्त्यात एका पेनीचाही फरक पडला नव्हता. पण ही संधी तीन वर्षांत एकदाच मिळते.

"म्हणजे या वेळी पॉइंट," विल्फ म्हणाले.

"तीन पॉइंट. चार वर्षं लायसन्सवर राहतील. आणि विमा कंपनी पाच वर्षं विचारणार."

इतक्यात शेजारच्या मिसेस हॅसलम आपल्या कुत्र्याला घेऊन आल्या. कुत्र्याचे नाव बिस्किट. बिस्किट रोज माझ्या पायाशी काय करतो, ते मी सांगत नाही.

"काय झालं? सुतकी चेहरे का?" मिसेस हॅसलम आणि विल्फ एकाच शाळेत शिकलेले, त्यामुळे त्या कशाचाही आडपडदा ठेवत नाहीत. पत्राची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "पॉइंट? मेलीस गं पोरी! विमा दुप्पट होणार तुझा."

"घाबरवू नकोस तिला," विल्फ म्हणाले.

"घाबरवत नाही, सांगतेय. आणि लपवायचं मात्र मनातही आणू नकोस. माझ्या भाच्याने लपवलं. कंपनीने विचारलं, पॉइंट आहेत का? हा म्हणाला, छे! मग एका पावसात गाडी भिंतीवर घातली. कंपनीने त्याचं लायसन्स तपासलं आणि हात वर केले. एक पौंड दिला नाही. वर विमाही रद्द! आता कोणी त्याला दारात उभं करत नाही. सायकलवर फिरतो. बारीक झालाय, तेवढा एक फायदा."

"आणि वर्गाचं?" जॅनिनने विचारले. "तेही सांगावं लागतं का?"

"तो काही गुन्हा नाही धरत. काही कंपन्या विचारतात, काही नाही विचारत. विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर गप्प बसायचं. चल रे बिस्किट, झालं तुझं?"

त्या गेल्या तरी जॅनिन बसूनच होती. "विमा दुप्पट झाला तर मला परवडायचा नाही," ती म्हणाली. "विमा नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर काम नाही. मिस्टर सागर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून औषधसुद्धा घेत नाहीत."

विल्फनी चहाचा कप खाली ठेवला. "हे बघ. फोटो मागून काढलाय. नंबर दिसतो फक्त. गाडीच्या ढुंगणाला काही तोंड नसतं. पत्र माझ्या नावावर आहे आणि विचारलंय काय? गाडी कोण चालवत होतं. मी लिहितो, मी."

"बाबा!"

"अगं, माझं लायसन्स कोरं आहे. मला वर्ग मिळेल. अर्धा दिवस बसेन, बिस्किटं खाईन, घरी येईन. पॉइंट नाही, विमा वाढायला नको."

"आणि खोटं नाव दिलं म्हणून उद्या पकडलं तर? यासाठी लोक तुरुंगात गेलेत, बाबा. मला पॉइंट चालतील, तुम्ही तुरुंगात गेलेलं चालणार नाही. हा विषय बंद."

ती आत गेली. विल्फ बसून राहिले. नेल दाराआड उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

शनिवारी सकाळी विल्फ क्रिकेटच्या खेळपट्टीची टेप घेऊन आले. बरोबर बावीस यार्डांची. नेलने आईची जुनी वही शोधून काढली होती आणि तीत एक ओळ तिला सापडली होती. दोन दिव्यांमधले अंतर दोनशे यार्डांपेक्षा जास्त असेल, तर खांब असूनही तो रस्ता तीसचा धरत नाहीत!

"पंधरा नंबरचा खांब नाहीये, आजोबा," नेल म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "चौदा ते सोळा मोजू या. दोनशेच्या वर गेलं तर पोलिसांचंच चुकलं!"

"शाबास! वकील होणार तू."

टेपचे एक टोक माझ्या पायाशी लागले. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? नव्वद वर्षे मी ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तीच खोटी ठरावी, असे मला त्या सकाळी वाटत होते. मी पाटी नसलो तरी चालेल, पण जॅनिनचे काम जाऊ नये. एक टेप झाली, दोन झाल्या. विल्फ पुढे, नेल मागे. सातवी संपली, आठवी संपली. नववी ताणायला घेतली, तेव्हा विल्फ सोळा नंबरच्या खांबाशी पोचले.

"किती?" नेल ओरडली.

विल्फ टेपवर वाकले. "आठ टेपा आणि पंधरा यार्ड."

नेलने बोटांवर हिशेब केला. तिचा चेहरा उतरला. "एकशे एक्क्याण्णव."

"नऊच यार्ड कमी! थांब, टेप जरा सैल पडली असेल. तुझं टोक इकडे सरकव बघू."

"नाही सरकवणार."

"एवढंसं, गं."

"आजोबा, तुमच्या खेळपट्टीवर कोणी असं केलं असतं तर?"

"तर मी त्याला बॅटने हाणलं असतं," विल्फ पुटपुटले आणि टेप गुंडाळू लागले.

नऊ यार्ड. मला आणताना त्या लोकांनी घोडागाडी चार पावले अलीकडे थांबवली असती आणि सोळा नंबरवाल्याची सहा पावले पलीकडे, तर भागले असते. पण खांबाला मागे सरकता येत नाही.

सोमवारी जॅनिन दुपारच्या फेरीला गेली. चार वाजून गेले होते. आभाळ भरून आले होते, म्हणून मी लवकरच लागलो. विल्फ भिंतीवर बसले होते आणि त्यांच्या हातात बंद पाकीट होते. त्यांनी नेलला हाक मारली.

"एवढं पोस्टात टाकून ये. पाचला पेटी उघडतात."

नेलने पाकिटावरचा पत्ता वाचला. "कोणाचं नाव लिहिलं, आजोबा?"

विल्फनी इकडेतिकडे पाहिले. "माझं. तुझ्या आईला बोलायचं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, त्या गुरुवारी आजोबा गाडी घेऊन शाळेत आणायला आले होते. बस्स, एवढंच. सांगशील ना?"

विल्फनी तिच्या गालाला हात लावला. "मला राबता येत नाही आता. तुझी आई राबते आणि मी इथे बसून चहा पितो. हे एक तरी मला करू दे."

पोस्टाची लाल पेटी माझ्यापासून वीस पावलांवर आहे. नेल तिच्यापर्यंत गेली. पाकीट अर्धे आत सरकवले. मग तशीच उभी राहिली. तिने पाकीट सोडले असते, तर तिला त्या मोटारीत आई नव्हतीच असे म्हणायला लागले असते. सोडले नसते, तर आजोबांचे मन मोडले असते आणि कदाचित आईचे कामही गेले असते. इतके सगळे एका दहा वर्षांच्या मुलीच्या दोन बोटांत धरलेले होते. मी माझा सगळा उजेड तिच्यावर टाकला. माझ्या हातात तेवढेच होते.

तिने पाकीट मागे ओढले आणि परत आली.

"नाही टाकलंस?" विल्फनी विचारले.

"आजोबा, मला कोणी विचारलं तर?"

"ठरलंय ना आपलं?"

"आणि आईने विचारलं तर?"

विल्फ तिच्या हातातल्या पाकिटाकडे पाहू लागले.

"आणि मिसेस हॅसलमनी? आणि शाळेत बाईंनी? पॉइंट चार वर्षांनी जातात, असं आई म्हणाली. हे कधी जाणार?"

"हे म्हणजे?"

"हे. जे मी सांगायचंय ते."

नेल रडू लागली. तेवढ्यात निळी मोटार माझ्या पायाशी येऊन थांबली. जॅनिन उतरली. तिने आधी मुलीकडे पाहिले, मग बापाकडे, मग पाकिटाकडे. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. तिने पाकीट फोडले.

"मी नको म्हणाले होते, बाबा."

"म्हणून तर तुला विचारलं नाही."

"आणि हिला विचारलंत?"

विल्फची मान खाली गेली. जॅनिनचा आवाज एकदम मऊ झाला. "बाबा, मी घरी नसते तेव्हा हिला कोण आणतं शाळेतून? हिचं जेवण कोण बघतं? तुम्ही काही करत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला? मिसेस हॅसलम?"

"ती काहीही म्हणते."

"मग तिचं ते 'दुप्पट'सुद्धा आपण खरं धरून बसलोय. कंपनीला विचारलं का कोणी? मीही विचारलं नाही. भीती वाटत होती."

ती पुन्हा मोटारीत बसली. दार उघडेच होते. तिने फोन लावला. मला तिचेच बोलणे ऐकू येत होते.

"हो, ऑर्मरॉड. जॅनिन. ... नाही, अपघात नाही. पॉइंट लागणार आहेत, म्हणून आधीच विचारते. ... तीन. अडतीसने गेले, तीसच्या रस्त्यावर. ... त्याच्या आधी? दंड नाही, पण दोन वर्षांपूर्वी वर्ग केलाय. तुम्ही विचारताय म्हणून सांगते. ... बरं. ... मेमध्ये, विमा पुन्हा घेईन तेव्हा. ... अंदाजे सांगा ना. ... महिन्याला? ... अकरा? फक्त अकरा पौंड जास्त? तुमची खात्री आहे?"

तिने फोन ठेवला आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवले. मला वाटले, रडते आहे. पण ती हसत होती, आणि थोडी रडतही होती.

"अकरा पौंड थोडे नाहीत," ती बाहेर येऊन म्हणाली. "वर शंभराचा दंड. शुक्रवारचे फिश अँड चिप्स बंद करावे लागतील बरेच दिवस. पण काम राहील. चला बाबा, पेन काढा. पत्र तुम्हाला आलंय. माझं नाव तुम्हालाच लिहावं लागेल."

"मी?"

"तुम्हीच. मी चालवत होते. ते पॉइंट माझे आहेत."

विल्फनी कागद भिंतीच्या सपाट दगडावर ठेवला. आपले नाव एका रेघेने खोडले. मग माझ्या उजेडात, एकेक अक्षर सावकाश काढत, त्यांनी आपल्या मुलीचे नाव लिहिले. मी नव्वद वर्षांत या दगडावर पुष्कळ गोष्टी होताना पाहिल्या आहेत. इतके जड अक्षर मी पाहिले नव्हते. जॅनिनने कागद नव्या पाकिटात घातला, नेलच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेली.

मित्रांनो, मी उपदेश करणारा खांब नाही. पण म्हाताऱ्याचे एक ऐका. मोठे झाल्यावर तुम्ही मोटार चालवाल. रस्ता रुंद दिसला की पाय जोर करील. तेव्हा वर पाहा. दिव्यांचे खांब दिसले तर आजूबाजूला कोणीतरी राहते, एवढे समजा. माझ्या भाऊबंदांवर वेल चढली असेल तर कोणाला तरी सांगून ती काढवा. आमच्यातला एखादा पडला, तर तो पुन्हा उभा राहील असे पाहा. आम्ही रस्ता दाखवतो, पण आम्ही स्वतः दिसलो तरच. आणि चूक झालीच, तर ती आपल्याच नावावर राहू द्या. प्रेमाने पुढे केलेला खांदासुद्धा त्यासाठी वापरू नका. तो खांदा तुम्हाला फार लागणार आहे, दुसऱ्या चांगल्या कामांसाठी.

पाचला पाच मिनिटे होती. नेल पेटीकडे धावली आणि तिने पाकीट आत टाकले. परत वळली, तेव्हा तिला विल्फ दिसले. ते आत गेले नव्हते. भिंतीच्या अगदी टोकाला, पाठ करून, दोन्ही हात कोटाच्या खिशांत खुपसून बसले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जॅनिनने दोनदा हाक मारली, "चहा झालाय!" पण ते हलले नाहीत.

नेल घराच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी थांबली. मग मागे फिरली, भिंतीवर चढली आणि सरकत सरकत आजोबांना अगदी चिकटून बसली. तिने आपला थंडगार हात त्यांच्या कोटाच्या खिशात, त्यांच्या हाताशेजारी घातला, आणि त्यांची मूठ उघडेपर्यंत तो तिथेच राहू दिला.